दुसरा अल्बम, शिट्टीसकट

लाट म्हटलं की आमच्या नारायण पेठेत एकसष्ट साल.
काका जिन्याच्या सातव्या पायरीवर बोट टेकवून
पाणी इथवर होतं म्हणायचे,
पाहुणा कुठूनही आलेला असो.
म्हणून हेमलता काळभोर जेव्हा सांगत आली
की विलायतेत न्यू वेव्ह आलीय, नवी लाट,
मी विचारलं, धरण कुठलं फुटलं?

ती हसली नाही. पिशवीतून
पुठ्ठ्याचं चौकोनी पाकीट काढलं.
वर चार मुलं, गालांना पावडर, डोळ्यांत काजळ,
एकाच्या शर्टाला बटणच नाही.
मावसभाऊ बोटीवर होता, त्यानं आणलेली.
सोमवारी परत द्यायची, ओरखडा न पाडता.

हा यांचा दुसरा, ती म्हणाली. पहिला गाजला,
दुसरा फारसा कुणाला आवडला नाही.
पहिल्यात माणसाची वीस वर्षं असतात, गं,
दुसऱ्याला कंपनी अकरा महिने देते.

अकरा महिने.
हा आकडा आम्हाला भाडेकरारातून माहीत.
तिचे वडील दर अकराव्या महिन्यात
रास्ता पेठेतल्या मालकापुढे
स्टॅम्पपेपर घेऊन उभे राहायचे.

जोडायला वायर नव्हती.
टेपरेकॉर्डर स्पीकरसमोर उशीवर ठेवला,
प्ले आणि लाल, दोन्ही बटणं एकदम दाबली,
आणि बावीस मिनिटं श्वास वरच्या वर.

सिंथ सुरू झाला. मला वाटलं
गच्चीवरची टाकी भरतेय आणि नळीतून हवा येतेय.
मागे वाजवणारा कुणी नव्हता, यंत्र होतं,
कुणासाठी न थांबणारं.
आणि गाणारा असा गात होता
जसं कुणी फोनवर पत्ता सांगतंय
आणि पलीकडचा लिहून घेत नाहीये.

तिसऱ्या गाण्यात, दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी,
कुकरची शिट्टी झाली.
मग दुसरी.
मग मोरीतून आईचा आवाज: हेमे, गॅस!
हेमलतानं माझ्याच तोंडावर हात दाबला.
कुणी उठलं नाही.
तिसरी शिट्टी बरोब्बर तालावर पडली.

पुढे मी तो अल्बम असाच ऐकला, वर्षानुवर्षं.
पिंपरीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये,
बाळंतपणात, उशीखाली, अगदी हळू.
एकदा फीत गुंतली, पेन्सिलीनं सोडवली,
तेव्हापासून पाचवं गाणं जरा पाण्याखालून येतं.

परवा भाच्यानं मोबाईलवर लावून दिला.
धुऊन पुसून, नव्यानं काढलेला.
तिसरं गाणं आलं. दुसरं कडवं आलं.
शिट्टीच्या जागी काहीच नव्हतं,
गाणं तसंच पुढे निघून गेलं, दार उघडं टाकून.
मी म्हटलं, थांबव, इथे यांनी काहीतरी कापलंय.
मावशी, तो म्हणाला, ओरिजिनल आहे हे.

हेमलताला फोन केला. लोणीला
गुलाबाची रोपं विकते ती हल्ली.
कुठला बँड? म्हणाली.
काजळवाली मुलं? छे गं.
वरण करपलेलं मात्र चांगलं आठवतंय.
आईनं आठवडाभर घासायला लावलेला कुकर,
डाग गेलाच नाही.
आहे अजून, शेणखत भिजवते त्यात.

मागे कुणीतरी कुंड्यांचा भाव विचारत होतं.
तिनं सांगितला, मग मला म्हणाली,
पण ती रेकॉर्ड सोमवारी परत दिली ना आपण?
नीट?

दिली, म्हटलं.
पाकिटाच्या मागच्या बाजूला, खाली कोपऱ्यात,
माझं हळदीचं बोट उमटलं होतं.
ते मी तिला तेव्हाही सांगितलं नव्हतं.